आठ हात पाणी

वाशेबंदरच्या सिराजुद्दीन मास्तरांना कुणी अंदाजानं बोललेलं खपत नसे. "वाटीभर" म्हटलं की ते विचारायचे, कुठली वाटी. "चिमूटभर" म्हटलं की कुणाची चिमूट. असल्या माणसाच्या घरात स्वयंपाक करणं म्हणजे शिक्षाच, पण त्यांची बायको जहुरा ती सव्वीस वर्षं हसत भोगत आली होती.

हा नाद त्यांना मुंबईत लागला. तरुणपणी दहा वर्षं ते तिकडे एका औषधाच्या वखारीत होते. विलायतेहून पिंपं यायची ती पौंड-औंसांत आणि गॅलनांत, गिऱ्हाईक मागायचं ते तोळ्या-शेरांत. मधे बसून एकाचं दुसरं करून देणं हे मास्तरांचं काम. पुढं आईच्या दुखण्यापायी ते गावी आले आणि संस्थानच्या शाळेत मास्तर झाले, तरी ते कोष्टक त्यांच्या जिभेवर राहिलं. एकशे ऐंशी ग्रेनचा तोळा, साडेचारशेला साडेबारा कमी ग्रेनचा औंस, घनफुटाला सव्वासहा गॅलन. गाव चेष्टा करायचं. दिघीच्या खाडीवरची चाळीस घरांची वस्ती, तिथं गॅलन कुणाला हवेत? पण रंगूनहून एखाद्याचं पत्र आलं आणि त्यात असलं काही असलं, की हेच चेष्टेखोर पत्र घेऊन मास्तरांच्या ओटीवर येऊन बसायचे.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकतीस सालच्या उन्हाळ्यात, वस्तीत पटकी शिरली. आठवड्यात दोन माणसं गेली. दुसरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तालुक्याहून रघू आला. हा संस्थानचा देवी टोचणारा माणूस. पटकीच्या दिवसांत औषधंही तोच गावोगाव पोचवायचा. त्याच्या खांद्यावर ब्लीचिंग पावडरचा डबा होता आणि हातात एक छापील इंग्रजी कागद.

"मास्तरसाहेब, माझ्याकडं सात गावं हायत," तो ओटीवर बसत म्हणाला. "हजार गॅलन पाण्याला अर्धा औंस, असं यात लिवलंय. आमच्या साहेबाला येतं ते गणित, मला न्हाय येत. तुमी बावीचं पानी मोजा नि रोज तेवढं टाका. पटकी पाण्यातनं येती, एवढं मला पक्कं ठावं हाय."

"तुम्ही निश्चिंत जा," मास्तर म्हणाले. त्यांना बरं वाटलं, हे कशाला लपवा? इतक्या वर्षांनी त्यांच्या कोष्टकाला काम मिळालं होतं. आणि घरात त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलेली होती. अमिरुन्निसाला सातवा महिना लागला होता. जावई बोटीवर खलाशी, दूर समुद्रात. रघूनं कागद पुढं केला तेव्हा मास्तरांनी आधी आतल्या दाराकडं बघितलं आणि मग तो हातात घेतला.

वस्तीची बाव, म्हणजे विहीर, खाडीपासून साठ पावलांवर, जांभ्या दगडात खोदलेली. साऱ्या वस्तीला पिण्याचं पाणी तिचंच. तिथं जाणारी पाखाडी बायकांची. बायका पाण्याला निघाल्या की पुरुषानं त्या वाटेला पाऊल घालायचं नाही, असा रिवाज कधीपासूनचा ते कुणालाच माहीत नव्हतं. बायका निघायच्या त्या खाडी भरली की. पुरुषांना त्यात नवल वाटत नसे. भरतीला मचवे तरंगतात, माल चढतो-उतरतो, पुरुष झाडून सारे धक्क्यावर असतात. तेव्हा बायकांना वाट मोकळी मिळते म्हणून त्या जातात, असा त्यांचा समज. समज खोटाही नव्हता. फक्त अर्धा होता, आणि उरलेला अर्धा बायकांकडं होता. तो त्यांनी कधी सांगितला नाही, कारण कुणी विचारला नाही.

तेव्हा मास्तर विहीर मोजायला गेले ते ओहोटीला. दुसऱ्या वेळी जायची सोयच नव्हती. दोरीला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. विहिरीचं तोंड आठ हात, पाणी चार हात. हाताचा दीड फूट धरला. ओटीवर पाटी घेऊन बसले, तसा नेहमीप्रमाणे घरातला आवाज बंद झाला. सहाशे एकोणऐंशी घनफूट. म्हणजे बेचाळीसशे गॅलनांच्या वर थोडं. म्हणजे दोन औंस आणि काही ग्रेन. म्हणजे पाच तोळे आणि वर दोन मासे, बारा माशांचा तोळा या हिशोबानं. चांदीचा रुपया बरोबर तोळ्याचा असतो, तेव्हा काट्याच्या एका पारड्यात पाच रुपये आणि वर चार आण्यांची एक पावली टाकली, दुसऱ्यात ती पांढरी भुकटी. पावली मासाभर जड होती, पण इकडं जास्त चालतं, असा त्यांनी विचार केला.

बादलीत भुकटी कालवून त्यांनी वरची निवळी विहिरीत ओतली, घागर चार वेळा बुडवून पाणी हलवलं आणि तासाभरानं पोहरा काढून वास घेतला. कागदात लिहिलं होतं, पाण्याला किंचित वास राहिला पाहिजे. राहिला होता. मास्तरांच्या जिवात जीव आला.

हे ते रोज करू लागले. रोज ओहोटी धरून जायचे, पाच रुपये आणि पावलीभर भुकटी टाकायची, वास घ्यायचा, परत यायचं. पहिल्या दिवशी औषधाचं पाणी म्हणून बायका मास्तरांच्या पाठोपाठ ओहोटीतच भरून आल्या आणि वस्तीत कुरकुर झाली, की पाण्याला हॉस्पिटलासारखी घाण येते. दुसऱ्या दिवसापासून बायका पुन्हा आपल्या वेळेला जाऊ लागल्या आणि कुरकुर थांबली.

चौथ्या दिवशी जेवताना अमिरुन्निसा म्हणाली, "अब्बा, आता पानी बरं लागतं. वासच न्हाय येत. पयल्या दिवशी तर मला उलटीच आली असती."

"सवय झाली तुला," मास्तर म्हणाले.

"सगळ्याच म्हणतात. आमी खाडी भरली की जातो ना, तवा अगदी गोड असतं."

जहुरा भाकरी वाढत होती. तिनं दुसरी भाकरी लेकीच्या ताटात टाकली. मास्तर लेकीच्या ताटाकडं बघत होते, ती आज नीट जेवते आहे का ते. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या याचं त्यांना समाधान वाटलं. तिचं बोलणं त्यांच्या कानावरून गेलं ते गेलंच. आपण स्वतः वास घेतो, नाकानं घेतो, मग चार बायांना काय वाटतं त्याचं काय?

त्याच संध्याकाळी वस्तीच्या वरच्या अंगाला एक माणूस पडला, दुसऱ्या दिवशी गेला. मग एक म्हातारी. मग तिची सून. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाटी काढून गणित तीनदा तपासलं. घनफूट बरोबर, गॅलन बरोबर, ग्रेन बरोबर. काटा उलटसुलट करून बघितला. काटाही बरोबर. मग त्यांना राग आला. नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर उभे राहून ते बोलले, की कुणीतरी चोरून गुरांच्या तळ्याचं पाणी पितंय, औषधाच्या पाण्याला नाकं मुरडतंय आणि साऱ्यांना घेऊन बुडतंय. कुणी उलट बोललं नाही. एवढा शिकलेला माणूस, त्याच्यापुढं कोण बोलणार?

आठव्या दिवशी सकाळी मास्तर औषध टाकून परतले, तोच अमिरुन्निसाला ओकारी झाली. गरोदरपणातलं असेल, असं जहुरा म्हणाली, आणि म्हणताना तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. तासाभरात कळायचं ते कळलं. दुपार व्हायच्या आत पोरीचे डोळे खोल गेले, आवाज घोगरा झाला, बोटांची कातडी सुरकुतली. मास्तरांनी तिचा हात हातात धरला तर तो थंड होता.

डॉक्टर खाडीच्या पलीकडे मुरूडला. मचवा एकच जागेवर होता, नजमुद्दीन तांडेलाचा, आणि तो चिखलात बसलेला. नजमुद्दीन स्वतः दारात येऊन सांगून गेला, "मास्तर, पानी चढू द्या. मचवा तरंगला की त्याच घटकेला सोडतो. पलीकडं आगरदांड्याला गाडी मिळंल." मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. पोर पाणी मागत होती. जहुरा तिला चमचा चमचा देत होती आणि ते सारं उलटून पडत होतं. घरातला हंडा सरला.

"मी आणतो," मास्तर म्हणाले.

"खाडी भरत आली," जहुरा म्हणाली. "बायका असतील तिथं."

"असू देत."

ते कळशी आणि दोर घेऊन पाखाडीवरून खाली गेले. विहिरीवर दहा-बारा बायका होत्या. पुरुष येताना बघून त्या दचकल्या, पदर ओढून बाजूला सरल्या. मास्तरांच्या घरात काय चाललंय ते साऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी हटकलं नाही. मास्तरांनी कळशीला फास घातला आणि सवयीनं सोडली. दोर हातातून सरसरत जायला हवा होता. तो जेमतेम सरकला आणि कळशी पाण्यावर आदळली.

मास्तर वाकले. आठ दिवस जे पाणी त्यांनी खोल तळाशी बघितलं होतं, ते वर चढून जवळ आलं होतं. कपारीत वाढलेलं पिंपळाचं रोप, ज्याच्या कितीतरी खाली त्यांची दोरी रोज उतरायची, ते पाण्यात बुडालं होतं.

"एवढं पाणी?" ते म्हणाले. कुणाला विचारलं ते त्यांनाच कळलं नाही.

कडेला रहिमुन्निसा उभी होती. वस्तीतल्या बहुतेक साऱ्यांची सुईण, वयानं मास्तरांच्या आईएवढी. तिला बोलायला आडकाठी नव्हती. "भरती हाय, मास्तर," ती म्हणाली. "भरतीला चढतंच. म्हणून तर आमी या टायमाला येतो. दोर कमी लागतो."

"रोज?"

"रोज. उधाणाला तर हात घालून कळशी भरता येती."

मास्तरांनी तिथल्या तिथं कळशी काढून टाकली, दोराला घागरीचा एक फुटका तुकडा बांधला आणि सोडला. मग तो ओला दोर हातावर मोजत वर घेतला. आठ हात. चाराचे आठ. पुढचं गणित करायला त्यांना पाटी लागली नाही. पाच तोळ्यांचं औषध ओहोटीच्या पाण्यात पुरं होतं. तेच दुप्पट पाण्यात निम्मं झालं. आणि निम्म्या औषधानं निम्मी पटकी मरत नाही, काहीच मरत नाही, पाण्यातला गाळच ते खाऊन टाकतो. वास येत नव्हता तो म्हणून. ओहोटीला औषध आणि भरतीला पाणी. पहिला दिवस सोडला तर त्यांनी जे पाणी शुद्ध केलं ते कुणी प्यायलंच नव्हतं.

ते कठड्यावर बसले. मग ताडकन उठले. "कळशा ओता," ते म्हणाले. "भरलेल्या साऱ्या ओता. हे पाणी घरी न्यायचं नाही."

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. रहिमुन्निसा म्हणाली, "दोघी-चौघी तर कवाच घेऊन गेल्या. का, झालं काय?"

"औषध कमी पडलं. माझ्या हातून कमी पडलं."

एवढ्यात धक्क्यावरून हाक आली. मचवा तरंगला होता. मास्तर रिकामी कळशी तशीच हातात घेऊन धावले. नजमुद्दीननं आणि त्याच्या भावानं अमिरुन्निसाला चादरीत उचलून मचव्यात निजवलं होतं. जहुरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरीनं बापाच्या हातातली कळशी बघितली आणि ओठ हलवले. कळशीत काही नव्हतं. नजमुद्दीननं घाईनं शहाळं फोडलं आणि ते तिच्या तोंडाला लावलं.

"चढा, मास्तर," तो म्हणाला. "पानी थांबायचं न्हाय."

मास्तरांचा एक पाय पाण्यात होता. ते गेले तर परत येणार उद्याच्या भरतीला. तोवर चाळीस घरं हेच पाणी पिणार. भुकटीचा डबा त्यांच्या घरात कुलपात होता, आणि किती टाकायची ते वस्तीत दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नव्हतं; जास्त पडली तर लोक सरळ तळ्यावर जाणार, कमी पडली तर काय होतं ते मचव्यात समोर पडलेलं होतं. त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी मागनं येतो."

जहुरानं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. ती नजर त्यांना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली. तिच्यात राग नव्हता, तिला फक्त समजलं नव्हतं. नजमुद्दीननं शीड सोडलं.

मास्तरांनी घरी जाऊन आणखी पाच रुपये आणि पावलीभर भुकटी तोलली. पारडं ठरेना. चारदा तोललं. विहिरीत औषध टाकलं, पाणी हलवलं, मग घरोघर जाऊन भरलेल्या कळशा स्वतः ओतल्या. एका घरात पाणी पिऊन झालं होतं, तिथं ते नुसते उभे राहिले आणि परत फिरले. तासाभरानं पोहरा काढला. भरतीच्या पाण्याला वास येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला मचवा परत आला. आगरदांड्याचा धक्का दिसायला लागला तेव्हाच अमिरुन्निसा गेली होती. पोटातलं मूल तिच्याबरोबर गेलं. दिवस कलल्यावर अस्रच्या नमाजानंतर मास्तरांनी तिला मातीत ठेवलं. त्या रात्री ते झोपले नाहीत, आणि सकाळी ओहोटीला आणि दुपारी भरतीला, दोन्ही वेळा, औषध टाकायला गेले. भरतीला ते पाखाडीच्या तोंडाशी थांबायचे. रहिमुन्निसा दोर सोडून किती हात ते ओरडून सांगायची, मास्तर उभ्या उभ्या हिशोब करून भुकटी द्यायचे.

त्यानंतर वस्तीत आणखी एक माणूस पडला, तो वाचला. मग कुणीच पडलं नाही. अमिरुन्निसा गेल्याच्या दहाव्या दिवशी रघू आला, घरं मोजून गेला आणि मशिदीसमोर चारचौघांत म्हणाला, "सात गावांत हे एकच गाव सावरलं. मास्तरसाहेबांमुळं. स्वतःची पोर जात असताना मानूस बावीवर थांबला. मी साहेबांना कळवनार हाय."

मास्तर उठून उभे राहिले. "कळवा," ते म्हणाले. "पण असं कळवा, की औषध टाकायला लागल्यावर चार माणसं मेली. माझ्या मापानं मेली. मी ओहोटीचं पाणी मोजलं आणि लोक भरतीचं पीत होते."

कुणीतरी त्यांचा हात धरला. "असं बोलू नये, मास्तर. अल्लाची मर्जी." साऱ्यांनी माना हलवल्या. ज्याची म्हातारी आणि बायको गेली होती तो रशीदही म्हणाला, की नशिबात होतं, तुमचा काय दोष? तो मनापासून म्हणाला, आणि मास्तरांना ते ऐकवेना. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणी त्यांची चूक त्यांच्याकडून घेत नव्हतं, आणि एकट्यानं ती वाहायची म्हणजे मरेपर्यंत वाहायची.

घरी आले तेव्हा जहुरा मागच्या पडवीत बसली होती. दहा दिवसांत दोघांत जेवा आणि झोपा यापलीकडं शब्द झाला नव्हता. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चार हात, आठ हात, पाच तोळे. तिला तोळे-औंस कळत नव्हते, पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"पानी चढतं ते मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापास्नं ठावं हाय. तुमी पाटीवर लिवत व्हता, मी दाराआड उभी व्हते. चार हात म्हणालात, तवा मनात आलं, चार कसं? मग म्हटलं, यांचं वेगळं काय असंल. शिकलेल्या मानसाचं माप."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय." मग ती म्हणाली, "चूक तुमची हाय. नि माझी बी हाय. कुनी काय बी बोलू दे."

मास्तरांनी मान हलवली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी कुणीतरी खरं बोललं होतं. मग जे विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"मचव्यात तिनं माझी आठवण काढली?"

"काढली. खाडीच्या मधावर. अब्बा कुठं, म्हणाली. मी म्हटलं, बावीवर हायत, औषधाचा हिशोब करतात, तो झाला की येतील."

"मग?"

जहुरानं पदर तोंडाला लावला. बोलली ती फार हळू बोलली. "म्हणाली, मग हाक नको मारू, आम्मा. मधी बोललं की त्यांचं चुकतं."

मास्तर पुढं झाले आणि त्यांनी बायकोच्या पायावर डोकं टेकलं, आणि जहुरानं ते बाजूला केलं नाही.